फळीवरचा डायनोसॉर : एका घरगुती खेळसाधनाचा पूर्वेतिहास

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरीच तयार केला जाणारा कृतिफलक, ज्याला शहरी मराठी घरांत आता सर्रास ‘बिझी बोर्ड’ किंवा ‘ॲक्टिव्हिटी बोर्ड’ म्हटले जाते, ही वस्तू वरकरणी अगदी अलीकडची वाटते. प्लायवूडची फळी किंवा जाड कापडाचा तुकडा, त्यावर फेल्ट कापून शिवलेला डायनोसॉर, त्याच्या पाठीवर बटणांनी लावता-काढता येणारे काटे, पोटाला चेन, शेपटीला वेल्क्रो आणि कोपऱ्यात एखादी कडी, अशी तिची साधारण घडण असते. या साध्या रचनेत मात्र परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या दोन परंपरा एकत्र आलेल्या आहेत. त्यांपैकी पहिली लहान मुलाच्या हाताला शिक्षणाचे साधन मानणाऱ्या विचाराची असून दुसरी नामशेष झालेल्या प्राण्यांना सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभे करण्याच्या खटपटीची आहे. या दोन्ही परंपरांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, अशा साधनाचे खरे मोल त्याच्या मांडणीत बदल करता येण्यात आहे, आणि कारखान्यात तयार होऊ लागल्यावर साधनाने नेमका तोच गुण बऱ्याच अंशी गमावला.

पहिल्या परंपरेचा आरंभ एकाच मुलासाठी केलेल्या एका फळीपाशी शोधता येतो. दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों भागात रानात एकटाच वाढलेला, सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा १८०० च्या सुरुवातीस सापडला आणि पुढे त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणण्यात आले. तेथील तरुण डॉक्टर झां मार्क गास्पार इतार यांनी त्याचे शिक्षण अंगावर घेतले. त्याला व्हिक्टर हे नावही त्यांनीच दिले. बोलणे आणि वाचणे यांकडे जाण्याआधी दोन वस्तूंमधील साम्य-भेद ओळखता आला पाहिजे, असे इतार यांचे मत होते. म्हणून त्यांनी आधी काळ्या फळ्यावर किल्ली, कात्री, हातोडी अशा वस्तूंच्या बाह्यरेषा काढून त्या-त्या रेषेवर ती-ती वस्तू टांगण्याचा सराव करून घेतला. त्यानंतर दोन फूट लांबी-रुंदीच्या एका फळीवर त्यांनी कागदाचे तीन आकार चिकटवले. त्यांत लाल वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन होता, आणि त्याच रंगांचे व आकारांचे पुठ्ठ्याचे तुकडे मुलाने खिळ्याला अडकवायचे होते. मुलगा आकार ओळखतो की केवळ जागा लक्षात ठेवतो हे पाहण्यासाठी त्यांनी आकारांच्या जागा बदलल्या, आणि ही पायरी पार होताच परस्परांशी जुळते दिसणारे आकार व जवळजवळच्या छटा आणून काम अधिक कठीण केले. अडचण फार वाढली की व्हिक्टर चिडून तुकडे भिरकावून देई, असेही इतार यांच्या अहवालात नोंदलेले आहे. ही फळी कधीच पूर्ण झाली नाही, कारण मुलगा एक पायरी चढला की तिच्यावरची मांडणी बदलावी लागे.

इतार यांचे शिष्य एदुआर सेगां यांनी याच पद्धतीला व्यवस्थित शास्त्राचे रूप दिले. बौद्धिक वाढ मंदावलेल्या मुलांना शिकवता येत नाही हा तत्कालीन समज खोडून काढणारा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५० च्या सुमारास ते अमेरिकेत स्थायिक झाले. हालचाल, स्पर्श आणि दृष्टी यांच्या क्रमबद्ध सरावातून बुद्धीला वळण लागते, या त्यांच्या भूमिकेतून जी साधने घडली, त्यांत निरनिराळ्या आकारांच्या खाचा कोरलेली आणि त्या खाचांत लाकडी ठोकळे बसवायची फळी पुढे सर्वाधिक प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी तिच्यापासून बुद्धिमापनाची चाचणी तयार केली आणि ‘सेगां फॉर्म बोर्ड’ या नावाने ती भारतातही वापरली जाते. अशा रीतीने एका मुलाला शिकवण्यासाठी निघालेली फळी अनेक मुलांना एकाच मापाने मोजण्याचे साधन झाली. मोजणी सर्वत्र सारखी व्हायची तर फळीही सर्वत्र सारखीच असायला हवी, त्यामुळे या वापरात तिच्या मांडणीत बदल करण्यास जागा राहिली नाही.

इतार आणि सेगां यांचे लेखन मारिया मॉन्टेसरी यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले होते. रोममधील विशेष मुलांच्या शाळेत आलेला अनुभव सर्वसाधारण मुलांनाही लागू पडेल या विश्वासाने त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांपैकी आजच्या घरगुती फलकाशी सर्वांत जवळचे नाते असलेले साधन म्हणजे वस्त्रचौकटी. लाकडी चौकटीवर कापडाचे किंवा चामड्याचे दोन पदर ताणून बसवलेले असत आणि ते मध्यभागी जोडण्याची रीत प्रत्येक चौकटीवर वेगळी असे. एका चौकटीवर मोठी बटणे, दुसरीवर लहान, तिसरीवर आकडे व फासे, चौथीवर नाडी, तर आणखी एकीवर गाठ मारायचे रुंद फितीचे बंद, असा तो संच होता. इटलीतील शेतकरी स्त्रिया वापरत त्या ताठ चोळीसारखी रचना असलेली, नाडीने आवळायची एक चौकटही त्यात होती. चौकटीवर हात बसलेल्या मुलाला आपले कपडे स्वतः घालता यावेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. एका चौकटीवर एकच अडचण, आणि चूक झाली तर ती साधनातूनच मुलाच्या ध्यानात यावी, ही दोन तत्त्वे मॉन्टेसरी यांनी साधनरचनेच्या मुळाशी ठेवली. एक बटण वर-खाली झाले की शेवटी एक काज रिकामे उरते आणि ती चूक दाखवून देण्यास मोठ्या माणसाची गरज राहत नाही.

ही चौकट त्या काळच्या आणि त्या ठिकाणच्या कपड्यांवरून बेतलेली होती, ही गोष्ट पुढच्या काळात काहीशी मागे पडली. मॉन्टेसरी पद्धतीचा जगभर प्रसार होऊ लागल्यावर साधनांची मापे, रंग आणि क्रम ठरून गेले व ती अधिकृत उत्पादकांकडूनच घ्यावीत असा आग्रह धरला गेला. नेदरलँड्समधील नीनहाउस ही अशा साधनांची सुप्रसिद्ध कंपनी १९२९ मध्ये सुरू झाली. काटेकोरपणामुळे साधनांचा दर्जा टिकला, पण ती महाग झाली आणि सामान्य शाळेच्या आवाक्याबाहेर गेली. तरीही कपडे बदलत गेले तसा संचालाही बदल स्वीकारावा लागला. गिडिअन सुंडबॅक यांनी १९१३ मध्ये सुधारून सिद्ध केलेली चेन रोमच्या पहिल्या बालगृहाच्या वेळी वापरात नव्हती, तर झॉर्झ द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याने कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांचे निरीक्षण करून शोधलेले वेल्क्रो १९५० च्या दशकातले आहे. आज या दोन्हींच्या चौकटी मॉन्टेसरी शाळांत असतात. दुसरीकडे अमेरिकेतील खेळणी-उद्योगाने १९७० च्या दशकापर्यंत पाळण्याला किंवा कठड्याला अडकवायचे प्लास्टिकचे कृतिफलक बाजारात आणले. त्यांवर फिरवायची तबकडी, दाबल्यावर वाजणारा भोंगा आणि सरकणारी झाकणे असत. या फलकांनी मुलाला गुंतवून ठेवले, पण त्यांवरची कोणतीच गोष्ट काढून दुसरी लावता येत नसल्याने मूल मोठे होताच फलक अडगळीत जाई.

साधनाला पुन्हा परिसराशी जोडण्याचे काम भारतात ज्या प्रयोगांनी केले, त्यांत पश्चिम भारतातील बालशिक्षण चळवळीचे स्थान मोठे आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, आणि १९२३ च्या सुमारास तेथे गेलेल्या ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे हा विचार गुजराती व मराठी पालकांपर्यंत पोहोचू लागला. स्वतः मॉन्टेसरी नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. त्यांच्या प्रशिक्षण-वर्गांतून देशभर शिक्षक तयार झाले. परंतु शहरातील मध्यमवर्गीय बालमंदिराला परवडणारी साधने खेड्यातील किंवा आदिवासी पाड्यावरील मुलांपर्यंत कशी न्यायची, हा प्रश्न या प्रसारातून सुटत नव्हता.

ताराबाईंनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि त्याच वर्षी त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ यांच्यासह १९५७ मध्ये हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांच्या अंगणात गेले पाहिजे, या विचारातून अंगण-बालवाडी आकाराला आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोगही येथेच झाला. साधनांच्या बाबतीत त्यांनी केलेला बदल तितकाच मूलगामी होता. रंगवलेल्या लाकडी मण्यांच्या जागी बिया आणि शंख-शिंपले आले, तर आकार व पोत ओळखण्यासाठी पाने, खडे आणि काड्या वापरल्या जाऊ लागल्या. परवडत नाही म्हणून केलेली ही तडजोड होती असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. मॉन्टेसरी यांची क्रमबद्धता आणि एकेक अडचण सुटी करून मांडण्याचे तत्त्व येथे कायम होते. बदलला तो केवळ पदार्थ, आणि तो मुलाच्या रोजच्या हाताळणीतला असल्याने त्याची ओळख करून देण्यात वेळ जात नव्हता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे अंगणवाडी या नावानेच ओळखली जातात. पुढे अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे अशा टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी तयार केली आणि पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती मोठ्या प्रमाणावर पसरली. त्यांच्या खेळण्यांचा वयोगट मोठ्या मुलांचा असला, तरी साधन उलगडता आणि पुन्हा जोडता आले पाहिजे हा त्यांचा आग्रह याच धारेतला आहे.

दुसरी परंपरा, म्हणजे डायनोसॉरच्या चित्राची, सेगां यांच्याच काळापासून पण पूर्णपणे वेगळ्या वाटेने घडत गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये ब्रिटनमधील काही प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अवशेषांना एका गटात बसवून त्या गटाला डायनोसॉर हे नाव दिले, आणि अवघ्या बारा वर्षांत, १८५४ मध्ये, लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या बागेत त्यांचे जीवनाकार पुतळे उभे राहिले. हे पुतळे घडवणारे शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी त्याच वर्षी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये भूशास्त्राच्या दृश्य-शिक्षणाविषयी व्याख्यान दिले. शब्दांनी वर्णन केलेला प्राणी सामान्य माणसाच्या मनात उभा राहत नाही, त्याला तो आकारात दाखवला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. या पुतळ्यांच्या लहान प्रतिकृतीही विकल्या जात. शास्त्रीय संकल्पनेचे हातात मावणाऱ्या वस्तूत रूपांतर होण्याची प्रक्रिया म्हणजे डायनोसॉरच्या नावाइतकीच जुनी आहे असे म्हणता येईल.

परंतु या प्रक्रियेत एक धोकाही सुरुवातीपासून होता. ओवेन आणि हॉकिन्स यांच्यासमोर हाडांचे तुटक नमुनेच होते, त्यामुळे इग्वानोडॉन हा प्राणी चार पायांवर उभ्या असलेल्या गेंड्यासारखा घडवला गेला आणि त्याचे शंकूसारखे एक हाड नाकावर शिंग म्हणून बसवण्यात आले. १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार्त येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले आणि त्यांच्या अभ्यासातून ते शिंग प्रत्यक्षात हाताच्या अंगठ्यावरचा काटा असल्याचे स्पष्ट झाले. ज्ञान सुधारले, पण सिमेंट, विटा आणि लोखंड यांनी घडलेला पुतळा सुधारता येत नसल्याने नाकावरचे ते शिंग आजही तेथे पाहायला मिळते. विसाव्या शतकात हाच प्रकार प्लास्टिकमध्ये घडला. १९५० च्या दशकात अमेरिकेत साच्यातून निघालेले डायनोसॉर मुलांच्या हाती मोठ्या संख्येने आले, तेव्हा हे प्राणी मंद, जड आणि शेपूट जमिनीवरून ओढत चालणारे होते अशीच समजूत होती. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ शिकारी प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर ही समजूत ढासळू लागली. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने आपल्या डिप्लोडोकसची शेपूट १९९३ मध्ये जमिनीवरून उचलून हवेत नेली, पण साच्यातल्या खेळण्यांची शेपूट त्यानंतरही पुष्कळ काळ जमिनीवरच राहिली.

भारतीय घरांत डायनोसॉर मुख्यतः पडद्यावरून शिरला. १९९३ चा ‘जुरासिक पार्क’ पुढच्या वर्षी हिंदीत डब होऊन प्रदर्शित झाला आणि त्यानंतर दप्तरे, टीशर्ट, वाढदिवसाचे केक व खेळणी यांवर टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स आणि स्टेगोसॉरस स्थिरावले. हे तिन्ही प्राणी उत्तर अमेरिकेच्या खडकांतून प्रसिद्धीस आलेले आहेत. भारतातील, आणि त्यातही विदर्भातील, डायनोसॉरांचा इतिहास मात्र या चित्रसंचातून जवळपास वगळला गेला, जरी तो काही बाबतींत अधिक जुना आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरजवळ मोठ्या प्राण्याची अश्मीभूत हाडे सापडली होती, म्हणजे डायनोसॉर हा शब्द अस्तित्वात येण्याच्या चौदा वर्षे आधी. आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी जबलपूरच्या अवशेषांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव निश्चित केले. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या, जुरासिक काळाच्या पूर्वार्धातील बारापासॉरसचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचा उभा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथील सांगाड्याचे वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे स्वतंत्र वंशनाम मिळाले. सॉरोपॉड, म्हणजे चार पायांवर चालणारे, लांब मानेचे शाकाहारी डायनोसॉर, या गटातील असूनही इसिसॉरसची मान तुलनेने आखूड आणि पुढचे पाय लांब होते. त्यामुळे फेल्ट कापताना नेहमीचा लांब मानेचा साचा घेतला तर विदर्भातला हा प्राणी तयार होत नाही. मान तोकडी आणि खांदे उंच घ्यावे लागतात. जवळच्याच पिसदुरा गावातील अश्मीभूत विष्ठेच्या अभ्यासाने याहूनही मोठा बदल घडवला. वनस्पतींच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, ज्यांना फायटोलिथ म्हणतात, त्यांच्या ठेवणीवरून वनस्पतीचा प्रकार ओळखता येतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टायटॅनोसॉर गटातील प्राण्यांच्या असाव्यात अशा या विष्ठेत किमान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण आढळले. तोपर्यंत डायनोसॉरांच्या काळात गवत जवळजवळ नव्हतेच असे मानले जाई, आणि डायनोसॉरच्या पायाखाली हिरवळ दाखवणारे चित्र जाणकारांना अशास्त्रीय वाटे. पिसदुऱ्याच्या शोधानंतर फलकावरच्या डायनोसॉरखाली हिरव्या फेल्टचे गवत शिवणे, निदान विदर्भातल्या शेवटच्या डायनोसॉरांपुरते तरी, निर्धोक झाले.

या दोन्ही इतिहासांतून घरगुती फलक तयार करण्यासाठी जे निकष निघतात ते थोडे पण स्पष्ट आहेत. फलकावर आकर्षक वस्तूंची गर्दी करण्यापेक्षा प्रत्येक कृती दुसरीपासून अलग ठेवली, तर मुलाला एका वेळी एकाच अडचणीला सामोरे जावे लागते. पाठीच्या पाच काट्यांना पाच वेगवेगळ्या आकारांच्या जागा दिल्या, तर चुकीचा काटा चुकीच्या जागी बसत नाही आणि कोणी न सांगता मूल तो काढून पुन्हा लावते. दीड वर्षाच्या हाताला वेल्क्रोचा पट्टा ओढणे जमते, मोठी चेन सरकवणे त्यानंतर येते आणि बटण काजातून काढण्यापेक्षा घालणे उशिरा साधते, म्हणून सुरुवातीला टाचलेले भाग पुढे उसवून त्यांच्या जागी अधिक कठीण भाग लावणे आवश्यक असते. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र येथे संपूर्णपणे घरावर येते. भारतात बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन बंधनकारक झाले असले, तरी घरच्या घरी शिवलेल्या फलकाची तपासणी कोणतीही यंत्रणा करत नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी वापरला जाणारा एक साधा निकष तेथेही उपयोगी पडतो. सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो तो गिळला जाण्याचा किंवा घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून बटणे, मणी आणि डोळ्यांसाठी लावलेल्या टिकल्या घट्ट शिवलेल्या असल्या पाहिजेत, तर चुंबक आणि बटणसेल अशा फलकावर नसलेलेच बरे.

बाजारातील तयार फलक आणि घरी केलेला फलक यांची तुलना सामान्यतः किंमत, सफाई आणि टिकाऊपणा यांवर केली जाते, आणि या तिन्ही बाबतींत घरगुती फलक प्रत्येक वेळी सरस ठरेलच असे नाही. पण इतार यांची फळी, कोसबाडच्या बिया-शिंपल्या आणि सिडनहॅमचे चुकीचे शिंग यांचा एकत्र विचार केला तर टिकाऊपणा हा अशा साधनाचा निर्विवाद गुण मानता येत नाही, कारण मूल आणि ज्ञान या दोन्ही गोष्टी साधनापेक्षा वेगाने पुढे सरकतात. साच्यातून निघालेले खेळणे ज्या वर्षी तयार झाले त्या वर्षीच्या समजुतीला आणि एका ठरावीक वयाच्या हाताला कायमचे बांधलेले असते; धावदोऱ्याने शिवलेली शेपूट मात्र नवे संशोधन पुढे आले की उसवून वर उचलता येते, आणि मुलाला चेन जमली की त्याच पोटावर काज-बटण लावता येते.